डुगडुगणारं कमोड आणि उताराची लादी

आजची गजाल संडासाची आहे. जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, मी कुठे पळून जात नाही.

विषय तसा छोटा. लादीवर बसवलेलं कमोड हलतं, त्याचं काय करायचं? वायरी, तारकर्ली, देवबाग, तोंडवळी या पट्ट्यात ज्यांच्या घरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात, त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. पाहुणा सकाळी आंबोळ्या खातो, चटणी मागून घेतो आणि निघताना हळूच म्हणतो, "ते तुमचं कमोड जरा हलतंय हां." पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात आणि असली कामं तेव्हाच निघतात, म्हणून हा भाग आत्ता.

खरं तर संडासाच्या बाबतीत आपला जिल्हा नावाजलेला. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हापासून कोकणातली गावं यात पुढे. २०१६च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने ग्रामीण स्वच्छतेचं सर्वेक्षण जाहीर केलं. ७५ जिल्हे होते, २२ डोंगराळ आणि ५३ सपाटीवरचे. डोंगराळांत हिमाचलातला मंडी पहिला आला आणि सपाटीवरच्यांत आपला सिंधुदुर्ग. आंबोलीचा घाट चढून गेलेल्या माणसाला आपण 'सपाटीवरचे' कसे काय, असा प्रश्न पडेल. पण बक्षीस मिळतंय तर वाद कशाला!

पण या सगळ्या मोहिमांतून, स्वच्छ भारतचे बारा हजार रुपये घेऊन, घरोघरी जे संडास झाले ते बहुतेक भारतीय पद्धतीचे. ते भांडं जमिनीत पुरलेलं असतं, चारही बाजूंनी सिमेंट. ते हलायचा प्रश्नच नाही. कमोड आलं नंतर, आणि दोन वाटांनी आलं. एक पर्यटकांमुळे. १९९७मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि हळूहळू घरगुती निवास वाढले. दुसरी वाट गुडघ्यांची. आजीला उकिडवं बसवत नाही, म्हणून मुंबईहून आलेला मुलगा चार दिवसांच्या सुट्टीत घाईघाईने कमोड बसवून जातो. आणि कमोड हे जमिनीत पुरलेलं नसतं, ते लादीवर नुसतं ठेवलेलं असतं. सगळी भानगड इथे सुरू होते.

आता कोणी म्हणेल, थोडं हललं तर बिघडलं काय? बघा काय बिघडतं. कमोडची मागची नळी भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पाइपला जोडलेली असते. आपल्याकडे तो जोड बऱ्याचदा सफेद सिमेंटने भरलेला असतो. सिमेंटला वाकणं ठाऊक नाही. कमोड केसभर जरी रोज हललं, तरी त्या जोडाला चीर जाते. आधी वास येतो. वास आला की आपण फिनाइल वाढवतो, सुगंधी वड्या टांगतो. पण वास भांड्यातून येतच नसतो, भांड्याच्या पोटात पाणी साठून राहिलेलं असतं आणि ते वास अडवतं. वास येतो मागच्या चिरेतून. आणि जिथून वास बाहेर येतो तिथून प्रत्येक फ्लशबरोबर थोडं घाण पाणीही बाहेर पडतं. ते लादीखाली जातं, तिथून वाळूत. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर असतं. वाळूत गेलेलं पाणी कुठे जाईल याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि आजी. म्हातारं माणूस कमोडवरून सरळ उठत नाही. एका कुशीवर भार देतं, टाकीला किंवा भिंतीला धरतं, मग उठतं. म्हणजे सगळं वजन एका कडेवर. नेमकं तेव्हाच भांडं खालून कलंडलं, तर रात्री दोन वाजता ओल्या लादीवर आजी आणि बाहेर धो धो पाऊस. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचेस्तोवर काय होतं ते विचारू नका.

तर मग, दुरुस्ती. तुम्ही पहिल्यांदा फोन काढणार, यूट्यूब उघडणार. तिथे अमेरिकेतला एक हसतमुख माणूस कमोड उचलून खाली मेणाचं कडं बसवताना दिसेल. त्यांच्याकडे कमोड जमिनीतल्या एका गोल पट्टीवर बसतं, त्या पट्टीतून दोन बोल्ट वर येतात, मधे मेण. आपल्याकडे ती पद्धत साधारणपणे नसते. आपलं कमोड पायाच्या भोकांतून स्क्रूने थेट लादीला जखडलेलं असतं, आणि नळी पुष्कळदा मागे भिंतीत जाते. म्हणून त्याचा व्हिडिओ बघून मेण शोधत कणकवलीपर्यंत फिरू नका. त्याची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, पाचर. त्याकडे येतोच.

आधी एक समजून घेऊ. आपल्या न्हाणीची लादी वाकडी आहे, अशी तक्रार लोक करतात. अहो, ती वाकडी असायलाच हवी! आपण बादलीने अंघोळ करतो, संडास पाणी ओतून धुतो. पाणी नहाणी ट्रॅपकडे जायला उतार लागतो, मीटरला साधारण एक ते दीड सेंटीमीटर. कमोडचा पाया समजा चाळीस सेंटीमीटर लांब. म्हणजे त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन चार ते सहा मिलिमीटर खाली गेलेली असते. हे गवंड्याने नीट केलेलं काम आहे, चूक नाही.

पण नुसत्या उताराने कमोड डुगडुगत नाही. उतारावर ठेवलेला पाट कलतो, हलत नाही. हलतो केव्हा? जेव्हा जमिनीला पीळ असतो. ट्रॅप कोपऱ्यात असला की दोन बाजूंनी उतार येतात आणि मधे एक दुमड पडते. ती दुमड कमोडखालून गेली, किंवा एक लादी शेजारच्या लादीपेक्षा जराशी वर राहिली, की झालं. चुलीचे तीन दगड कुठेही मांडा, भांडं डुगडुगत नाही. चार दगड मांडून बघा. कमोडचा पाया म्हणजे चार दगडांची चूल. त्यात भांडं भट्टीतून निघतं तेव्हा चिनीमाती आकसलेली असते, त्यामुळे त्याचा तळही दर वेळी आरशासारखा सपाट नसतो. वाकड्या जमिनीवर वाकडा तळ. दोष एकट्या गवंड्याचा नाही आणि एकट्या कंपनीचाही नाही.

इथे बहुतेक ठिकाणी काय होतं? "काकी, कायएक होवचा नाय, वायच स्क्रू आवळतंय," असं म्हणत प्लंबर पाना फिरवतो. स्क्रू आवळला की कमोड खाली ओढलं जातं, हलणं थांबतं, काकी खूश. पण खाली पोकळी तशीच आहे. चिनीमाती वाकत नाही. ती ताण धरून बसते आणि एखाद दिवशी वजनदार पाहुणा बसला की पायाला तडा जातो. किंवा स्क्रूची गिट्टीच लादीतून उपटून येते. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा: स्क्रू कमोडला बसवत नाही. कमोड स्क्रूशिवाय स्थिर बसलं पाहिजे. स्क्रूचं काम एवढंच की बसलेलं सरकू नये.

आपल्याला हे नवीन नाही. होडी किनाऱ्यावर ओढून घेतली की रापणकार काय करतो? तिला दोरीने आवळून उभी करत नाही. दोन्ही अंगांना टेकू देतो, हाताने हलवून बघतो, मग दोर बांधतो. क्रम तोच.

आता हाताने काम. पहिली पायरी, आहे त्या जागी तपासणी, आणि इथे तुमचा फोन खरंच उपयोगी पडतो. लादी कोरडी करा, फोन आडवा जमिनीवर ठेवा, कॅमेरा कमोडच्या पायाकडे. व्हिडिओ चालू करून घरातल्या कोणाला तरी कपड्यांसकट बसायला सांगा. बसा, डावीकडे भार द्या, उजवीकडे द्या, उठा. मग व्हिडिओ सावकाश चालवून बघा. डोळ्यांना न दिसणारी फट उघडझाप करताना स्पष्ट दिसते. कुठली कड उचलते ते पेन्सिलीने लादीवर लिहून ठेवा. पाणसळ नसेल तर फोनमधलं लेव्हलचं ॲप चालतं. पण फोन नुसता ठेवू नका, मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो तिरका बसतो. एक सरळ पट्टी घ्या, तिच्यावर कव्हर काढलेला फोन ठेवा, आकडा बघा, मग फोन उलट दिशेला फिरवून पुन्हा बघा. दोन्ही वेळा सारखंच आलं तर खरं.

याच वेळी लादी वाजवा. एक नाणं घ्या आणि पायाच्या भोवती टकटक करत जा. भरीव आवाज आला तर उत्तम. पोकळ, मडक्यासारखा आवाज आला तर थांबा. आपल्याकडे जोत्यात माती नाहीतर वाळू भरलेली असते, वर काँक्रीटचा पातळ थर आणि त्यावर लादी. दोन पावसाळ्यांत भराव बसतो आणि लादी खालून सुटते. अशा सुटलेल्या लादीवर पाचर मारणं म्हणजे वाळूवर खुंटी. तिथे प्लंबर नको, गवंडी बोलवा. लादी काढायची, खाली भरीव करायचं, मग पुढचं. खर्च वाढतो, मान्य. पण जे कमोड वर्षभर नीट होतं आणि यंदाच हलायला लागलं, तिथे जमीनच हलली आहे का, हा प्रश्न आधी विचारायचा.

लादी भरीव असेल तर कमोड काढा. अँगल कॉक बंद, टाकी रिकामी, भांड्यातलं पाणी जुन्या कपड्याने टिपून घ्यायचं, हातात रबरी मोजे. मागचा जोड सफेद सिमेंटचा असेल तर तो हळूहळू खरवडून काढावा लागतो, हातोडी मारलीत तर नळीच फुटते. उचलायला दोघं लागतात. उघड्या पाइपाच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं खुपसा. त्याने वासही थांबतो आणि स्क्रू आत पडत नाही. पिशवीचं टोक बाहेर लोंबत ठेवा, नाहीतर ते आत विसरून वर कमोड बसवणारे महाभागही असतात.

लादी आणि कमोडचा तळ दोन्ही घासून कोरडे करा. जुन्या सिमेंटचा हरभऱ्याएवढा खडासुद्धा नवा चौथा दगड होतो. आता कमोड परत जागेवर ठेवा, स्क्रू न लावता. चारही बाजूंनी हाताने दाबा. फट कुठे आणि केवढी? मोजायला जुनं एटीएम कार्ड घ्या, ते साधारण पाऊण मिलिमीटरचं असतं. एक कार्ड गेलं, दोन गेली, असं मोजायचं. माझा ठोकताळा असा: पाच-सहा मिलिमीटरपर्यंत पाचर पुरते. त्याहून जास्त फट असेल तर पाचरींचे मनोरे रचू नका, खाली गवंड्याकडून नीट थर करून घ्या.

पाचर कशाची? प्लास्टिकची. लादीकाम करणाऱ्यांकडे लाद्या सम करायला वापरतात त्या चपट्या पाचरी असतात, त्या मिळाल्या तर उत्तम. नाहीतर पीव्हीसी पाइपाचे तुकडे घासून करता येतात. लाकडाची नको, ती भिजून फुगते, मग सुकते, मग कुजते. पुठ्ठा, घडी घातलेला कागद, काड्यापेटीचा तुकडा, हे सगळं मी लोकांच्या संडासात पाहिलं आहे, त्यावर बोलत नाही. पाचर ठोकायची नाही. बोटाने सरकवायची, अडली की थांबायचं. शक्यतो समोरासमोर, एक इकडे तर एक तिकडे. मधे मधे हलवून बघायचं. पट्टी आडवी ठेवून बैठकही सम आली का बघायचं. डावी-उजवी बाजू सम असणं जास्त महत्त्वाचं. हाताने कितीही दाबलं तरी टक् असा आवाज येत नाही, तेव्हा पाचर बसली. बाहेर आलेली टोकं धारदार पात्याने कापून टाका.

मग स्क्रू. जुनी भोकं ढिली असतील तर त्यांच्यातच जाड गिट्टी कोंबण्यापेक्षा भोक साफ करून रासायनिक अँकरने भरलेलं बरं. नवीन भोक पाडायचं असेल तर आधी लादीखाली पाइप कुठून जातो ते विचारा. लादी फोडायची नसेल तर सुरुवातीला ड्रिलचा ठोका बंद ठेवायचा, काचेला-लादीला चालणारं टोक वापरायचं, थोडं पाणी सोडत राहायचं. लादी पार झाली की मगच ठोक्यावर टाकायचं. स्क्रू लांब हवा. लादी आठ-दहा मिलिमीटर, तिच्याखाली मसाल्याचा इंच-दीड इंच थर, त्याच्याही खाली काँक्रीट. स्क्रूची पकड त्या काँक्रीटमध्ये हवी, मसाल्यात नाही.

धातूचं बघा, कारण आपण समुद्राकाठी आहोत. दुकानात स्वस्तात मिळणारे मुलामा दिलेले स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून लादीवर तपकिरी ओघळ सोडतात. पितळ घ्या, किंवा ३१६ नंबरचं स्टेनलेस मागा. नेहमीचं ३०४ खाऱ्या वाऱ्यावर डाग धरतं. भोकात आधी थोडं सिलिकॉन सोडा म्हणजे पाणी आत मुरत नाही. स्क्रूच्या डोक्याखाली प्लास्टिकचा वॉशर हवाच, धातू थेट चिनीमातीवर नको. आवळताना एकदा डावा, एकदा उजवा, थोडा थोडा. वॉशर दबला की पाना खाली ठेवा. "अजून अर्धा आटा" हा मोह महाग पडतो.

मागच्या जोडाला सफेद सिमेंट पुन्हा भरू नका. रबरी पॅन कनेक्टर मिळतो, तो थोडी हालचाल सोसतो.

उरली कडेची फट. इथे माझं आणि बऱ्याच प्लंबरांचं जमत नाही. ते म्हणतात सफेद सिमेंट, कारण ते स्वस्त आणि पटकन होतं. पण घरगुती निवासात संडास रोज कशाने धुतात? ॲसिडने. ॲसिड सिमेंट खातं, हे शाळेत शिकलो आहोत. प्रत्येक धुण्याला थोडं थोडं विरघळतं आणि सीझन संपता संपता कडेला भुसा उरतो. आणि कमोड पूर्ण सिमेंटमध्ये बसवलं असेल तर पुढे कधी काढायचं झालं की भांडं तरी फुटतं नाहीतर लादी तरी. त्यापेक्षा बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते सिमेंटच्या सांध्यांना नीट धरत नाही आणि धातूलाही चांगलं नाही. डब्यावर न्यूट्रल लिहिलेलं बघा. गंमत म्हणजे सिलिकॉन हवेतला दमटपणा घेऊनच घट्ट होतं, त्यामुळे आपली पावसाळी हवा त्याला मानवते. पण ज्या लादीवर लावायचं ती मात्र खडखडीत कोरडी हवी. पंखा लावून ठेवा, हेअर ड्रायर असेल तर फिरवा.

आणि सगळीकडून बंद करू नका. उतार ज्या बाजूला आहे त्या खालच्या अंगाला दोन बोटं जागा मोकळी सोडा. उद्या मागचा जोड गळायला लागला तर पाणी तिथून बाहेर येईल आणि तुम्हाला कळेल. सगळं बंद केलंत तर ते गुपचूप लादीखाली साठत राहील आणि कळेल तेव्हा शेजारच्या खोलीची भिंत ओली झालेली असेल. अमेरिकन व्हिडिओत ही जागा मागच्या बाजूला सोडतात. त्यांची न्हाणी कोरडी असते, त्यांना चालतं. आपण बादलीने लादी धुतो, मागचा भाग उताराच्या वर असेल तर धुण्याचं पाणी तिथून आत शिरेल. म्हणून आपल्याकडे खालचं अंग.

आजीसाठी आणखी एक काम याच दिवशी उरकून घ्या. ड्रिल भाड्याने आणलंच आहे, तर भिंतीवर धरायला स्टीलचा एक दांडा लावा. कमोड कितीही घट्ट बसलं तरी टाकीला धरून उठणं बरं नव्हे, टाकी त्यासाठी केलेली नसते. भिंत चिऱ्याची असेल तर लांब गिट्टी घ्या. जांभा सच्छिद्र असतो, कुठे कडक तर कुठे भुसभुशीत, आखूड गिट्टी त्यात धरत नाही.

चोवीस तास कोणालाही बसू देऊ नका. दारावर चिठ्ठी लावा, कारण घरातले विसरतात आणि पाहुणे वाचतात. दुसऱ्या दिवशी चार-पाच वेळा फ्लश करा, मागच्या जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. टिश्यू कोरडा राहिला तर काम झालं. मग तोच फोन, तीच जागा, तोच माणूस बसवून पुन्हा व्हिडिओ काढा आणि आधीच्या व्हिडिओशेजारी ठेवून बघा. आठवड्याने स्क्रू एकदा हाताने तपासा, आणि ॲसिडची बाटली कमोडच्या कडेपासून लांब ठेवायला धुणाऱ्या मावशींना सांगा.

पुढच्या भागात सेप्टिक टाकी. तेव्हासुद्धा आधी जेवूनच या.